बॅच गार पडली त्या दिवशी

"मॅडम, सोनवणेसाहेब स्टीम मारा म्हणतायत. मी व्हॉल्व्ह अजून उघडला नाय. तुम्ही आधी वर या."

इंटरकॉमवर चिंतामण गावित होता. सकाळचे पावणेदहा झाले होते. मी ऑफिसात बसून त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांसाठी फाइली लावत होते. चिंतामण आमचा बारा वर्षांचा जुना ऑपरेटर. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा, शिक्षण सातवीपर्यंत. साहेबाने सांगितलेलं काम अडवून धरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. म्हणून मी फाइल बाजूला ठेवली.

"काय झालंय?"

"ते नाय सांगता येत. पण बॅच लय गार हाय."

मी हेल्मेट घातलं आणि निघाले. प्लँटमध्ये कुणी पळायचं नाही, हा नियम मीच केला होता. त्यामुळे पळता येईना. जमेल तितकं भराभर चालत गेले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नाशिकहून दिंडोरीकडे जाताना, द्राक्षबागांच्या मधोमध आमचा कारखाना होता. साठेक माणसं. कापडाचे रंग बनवणाऱ्या कंपन्यांना लागणारा एक कच्चा माल आम्ही तयार करायचो. मी तिथे प्रोसेस इंजिनिअर होते आणि सेफ्टीही माझ्याकडेच होती. छोट्या कारखान्यात असंच असतं. बाई इंजिनिअर मी एकटीच, त्यामुळे सगळ्यांसाठी माझं नाव 'मॅडम' एवढंच होतं.

आमची मुख्य प्रक्रिया म्हणजे नायट्रेशन. एका मोठ्या बंद भांड्यात तेलासारखा पदार्थ घ्यायचा, त्या भांड्याला रिअ‍ॅक्टर म्हणतात. त्यात वरून तीव्र अ‍ॅसिडचं मिश्रण बारीक धारेने चार तास सोडत राहायचं. असा एक घाणा म्हणजे एक बॅच. दोन्ही एकत्र आले की प्रचंड उष्णता निघते. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो कसा उकळायला लागतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल. फरक इतकाच, की चुना फार तर हात भाजेल. इथे उष्णता हाताबाहेर गेली, तर छप्पर जाईल, भिंती जातील आणि आजूबाजूची माणसं जातील. म्हणून रिअ‍ॅक्टरभोवती दुसरं कवच असतं. त्याला जॅकेट म्हणायचं. त्यातून सतत थंडगार मिठाचं पाणी फिरवायचं. आणि आतमध्ये एक ढवळणी, म्हणजे स्टरर, अखंड फिरत ठेवायची. पडणारं अ‍ॅसिड लगेच मिसळलं पाहिजे, लगेच त्याची रिअ‍ॅक्शन झाली पाहिजे, आणि निघालेली उष्णता लगेच बाहेर गेली पाहिजे. सगळा खेळ त्या 'लगेच'वर चालतो.

मी रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावर पोचले तेव्हा शिफ्ट इंचार्ज रवी सोनवणे लॉगशीट हातात घेऊन उभा होता. सोनवणे सटाण्याचा. केमिस्ट्रीचा पदवीधर, कामाला चटपटीत. आमच्याकडे येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. चिंतामण स्टीमच्या व्हॉल्व्हसमोर हाताची घडी घालून उभा. दोघांमध्ये नुकतीच बोलाचाली झालेली दिसत होती.

"मॅडम, काही नाही, बॅच जरा स्लो आहे," सोनवणे म्हणाला. "तापमान खाली गेलंय. रिअ‍ॅक्शन पकडत नाहीये. मी ब्राइन बंद केलं, तरी वर येईना. थोडी स्टीम दिली की पकडेल."

ब्राइन म्हणजे ते थंड मिठाचं पाणी.

"किती आहे?"

"चोवीस."

नेहमी त्या वेळी छत्तीस-सदतीस असायचं. ते चाळीसच्या वर जाऊ नये म्हणून ऑपरेटर ब्राइनच्या व्हॉल्व्हपाशी उभा राहून झगडत असायचा. मी लॉगशीट पाहिली. सात वाजता अ‍ॅसिड सुरू. साडेसातला छत्तीस, आठला सदतीस. साडेआठला तीस. नऊला सव्वीस. साडेनऊला चोवीस.

"अ‍ॅसिड चालू आहे?"

"हो, चालू आहे. अर्ध्याहून जास्त गेलंय."

मी आधी अ‍ॅसिडचा व्हॉल्व्ह बंद केला. हाताने. मग चिंतामणला विचारलं, "तुला कधी वाटलं काहीतरी बिघडलंय?"

"जॅकेटमधून परत येणारा पाइप हाय ना मॅडम, मी त्याला दर थोड्या वेळानं हात लावतो. बॅच चालू असली की तो कोमट लागतो. आज साडेआठला लावला तर गारठाक. मला वाटलं, ब्राइन लय सोडलं. कमी केलं. तरी गारच. मग म्हटलं, आत काय होतच नाय तर हे अ‍ॅसिड जातंय कुठं?"

तेवीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही.

अ‍ॅसिड कुठेच जात नव्हतं. ते आतच साठत होतं.

मी वर पाहिलं. स्टररची मोटर चालू होती. गिअरबॉक्समधून खाली उतरणारा दांडा गरगर फिरत होता. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक होतं.

"अँपिअर किती आहेत?" मी विचारलं.

"अठरा," सोनवणे म्हणाला. लॉगशीटवरही अठराच होते. सात वाजता अठरा, आठला अठरा, नऊला अठरा.

अँपिअर म्हणजे मोटर किती करंट खेचतेय तो आकडा. मोटरवर जितका भार, तितका करंट जास्त. तो दाखवणारं मीटर पॅनेल रूममध्ये होतं, रिअ‍ॅक्टरपासून तीस पावलांवर, जाड भिंतीच्या पलीकडे. मी जाऊन पाहिलं. काटा सातवर होता.

सात म्हणजे मोटर नुसता दांडा फिरवत होती. दांड्याच्या टोकाला जड पात्या असतात, खरं ढवळण्याचं काम त्या करतात. त्या पात्या आता दांड्यावर नव्हत्या. आठ-साडेआठच्या दरम्यान कधीतरी निसटून आत तळाला पडल्या होत्या. मोटर बंद पडली तर अ‍ॅसिड आपोआप बंद व्हावं, अशी सोय आम्ही केलेली होती. पण मोटर बंद पडलीच नव्हती. आमची सोय मोटरवर लक्ष ठेवून होती, ढवळण्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं.

म्हणजे निदान सव्वा तास अ‍ॅसिड आत पडत होतं आणि न मिसळता खाली बसत होतं. ते तेलापेक्षा जड. खाली अ‍ॅसिडचा थर, वर तेलाचा. दोघं एकमेकांना फक्त मधल्या पातळीवर शिवत होते. आता त्याला उष्णता दिली असती, किंवा कुठल्याही कारणाने ते एकदम ढवळलं गेलं असतं, तर सव्वा तासाची रिअ‍ॅक्शन काही सेकंदांत झाली असती. जॅकेटमधलं ब्राइन त्यापुढे काहीच नव्हतं. सोनवणेने स्टीमचा व्हॉल्व्ह स्वतः उघडला असता, तर हा मजकूर लिहायला मी नसते.

माझ्या मागोमाग पॅनेल रूममध्ये आलेल्या सोनवणेला मी हे चार वाक्यांत सांगितलं. हातातली लॉगशीट त्याने आधी खाली धरली, मग पाठीमागे लपवली. त्याला कळतही नव्हतं आपण काय करतोय.

"आता दांडाही फिरायला नको," मी म्हणाले. मोटर बंद केली, तिच्या स्विचला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. चुकून, सवयीने, घाबरून, कुठल्याच कारणाने कुणी ती मोटर पुन्हा चालू करायला नको होतं. ब्राइन पूर्ण उघडायला सांगितलं. मग कुलथेसाहेबांना फोन लावला.

कुलथेसाहेब कारखान्याचे मालक. पन्नाशीचे, स्वतः केमिस्ट, शून्यातून कारखाना उभा केलेला माणूस. त्या दिवशी नवा कोट घालून आले होते, कारण गुजरातमधली एक मोठी पार्टी प्लँट बघायला येणार होती.

"सर, रिअ‍ॅक्टरमध्ये अ‍ॅसिड साठलंय. स्टररच्या पात्या पडल्यात. प्लँट खाली करायचाय आणि बॅच डंप करायचीय."

ते म्हणाले, "मॅडम, पार्टी म्हसरूळ सोडून पुढे आलीय. पंधरा मिनिटांत गेटवर असतील."

"त्यांना रस्त्यावरच थांबवा."

"सायरन ऐकून काय म्हणतील ते? मागच्या पावसाळ्यात तुम्ही असाच प्लँट खाली केलात. निघालं काय? थर्मामीटर खराब."

हे खरं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस कँटीनमध्ये कुणाचा चहा गरम लागला तरी 'मॅडमना बोलवा' म्हणून हसत असत. मीही त्यात हसायचे, पण ते लागायचं.

"या वेळी थर्मामीटर बरोबर आहे सर. म्हणूनच सांगतेय."

"बॅच वाचवता येईल का, तेवढं सांगा."

"नाही. बाकी सगळं वाचवता येईल, पण त्यासाठी आत्ता हललं पाहिजे."

"मला दोन मिनिटं द्या. मी वर येतो, बघतो."

"वर येऊ नका. सर, मी विचारत नाहीये. सायरन वाजवते आहे."

आणि मी बटण दाबलं. मालकाशी असं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. रिअ‍ॅक्टरची भीती जास्त होती की नोकरीची, ते तेव्हाही कळलं नाही.

पण कुलथेसाहेबांचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. सायरन वाजल्यावर त्यांनी पुन्हा एक शब्द विचारला नाही. हजेरीचं रजिस्टर घेऊन ते स्वतः गेटवर उभे राहिले आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव मोठ्याने घेऊन खूण करू लागले. पार्टीची गाडी त्यांनी दोनशे मीटर अलीकडेच अडवली.

आमच्या माणसांची सोय झाली. पण पश्चिमेच्या कुंपणाला लागून तात्या नावाच्या एका बागायतदाराची द्राक्षबाग होती आणि काढणी चालू होती. पंचवीस-तीस बायका वेलीखाली बसून घड कापत होत्या. पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या. छपरावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघितली, तर वारा नेमका बागेकडे. काही फुटलं नाही आणि नुसता धूर निघाला, तरी तो आधी त्यांच्यावर जाणार होता.

"चिंतामण, त्यांना रस्त्याच्या बाजूला काढायचंय. ऐकतील का तुझं?"

"आमच्याकडच्याच हायत. ऐकतील."

तो मागच्या गेटने गेला. पुढचं त्याने नंतर सांगितलं. सायरन ऐकूनही बायका कापत होत्या, कारण दर महिन्याला ड्रिलचा सायरन त्या ऐकायच्या. चिंतामणने त्यांच्या बोलीत काय हाक दिली कुणास ठाऊक, पण दोन मिनिटांत सगळ्या उठल्या. आडवे आले ते तात्या.

"अरे, गाडी लागलीय! माल उन्हात पडला तर खराब होईल. कोण देणार भरून?"

"तात्या, माल राहू द्या, माणसं काढा," चिंतामण म्हणाला.

"कशासाठी? काय झालंय एवढं?"

"अजून काय नाय झालं. म्हणूनच काढा."

तात्या शिव्या देत का होईना, पण निघाले.

इकडे मी आणि सोनवणे डंप टँकपाशी पोचलो होतो. डंप टँक म्हणजे रिअ‍ॅक्टरच्या इमारतीबाहेर, जमिनीत बांधलेली पाण्याची मोठी टाकी. बॅच हाताबाहेर जाण्याची चिन्हं दिसली, की रिअ‍ॅक्टरच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून सगळा माल त्या पाण्यात सोडून द्यायचा. भरपूर पाण्यात पडला की तो मरतो. पण भरपूर पाणी हवं. थोड्या पाण्यात तीव्र अ‍ॅसिड सोडणं म्हणजे दुसरा धोका. टाकी नेहमी काठोकाठ भरलेली असली पाहिजे, असा नियम. दर सोमवारी मी स्वतः बघत असे.

त्या दिवशी गुरुवार होता आणि टाकी अर्धी होती.

"पाणी कुठे गेलं?" मी ओरडले.

सोनवणे इकडे तिकडे बघायला लागला. पाणी कुठे गेलं ते समोरच दिसत होतं. ऑफिससमोरचं लॉन हिरवंगार, ओलं चिंब झालं होतं. पाहुणे येणार म्हणून माळ्याने दोन दिवस लॉनला भरपूर पाणी घातलं होतं आणि सगळ्यात जवळचं पाणी हेच होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की हे पाणी कशासाठी आहे. माझ्याकडूनच राहिलं होतं ते.

आगीच्या लाइनचा होज, म्हणजे लांब जाड पाइप, काढून टाकीत सोडला. पंप सोनवणेने चालू केला. मघापासून गप्प असलेला तो माणूस आता दोन माणसांचं काम करत होता. टाकी भरायला तेरा मिनिटं लागली. त्या तेरा मिनिटांत तो तीन वेळा पॅनेल रूममध्ये जाऊन तापमान बघून आला. तापमानाचा एक काटा रिअ‍ॅक्टरवर होता, तसा दुसरा तिथेही होता. चोवीस. पंचवीस. सव्वीस. ब्राइन पूर्ण चालू असताना वाढत होतं. मधल्या पातळीवर रिअ‍ॅक्शन हळूहळू सुरू होती.

तुम्ही म्हणाल, तसंच शांत ठेवून का नाही दिलं? ढवळलं नाही तर काही होणार नाही ना? मलाही तो मोह झाला होता. पण न ढवळलेल्या मालाला बाहेरून थंडावा नीट पोचत नाही. मधे उष्णता वाढत जाते, बुडबुडे सुटतात, आणि ते बुडबुडेच मग आतला माल ढवळतात. ती वेळ किती लांब आहे, एक तास की दहा मिनिटं, हे सांगणारं कुठलंही मीटर नव्हतं.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची होती. जड अ‍ॅसिड तळाला होतं. तळाचा व्हॉल्व्ह सावकाश उघडला, तर आधी अ‍ॅसिड बाहेर पडेल आणि दोघांची फारकत होईल. घाई केली तर भोवरा पडून दोन्ही मिसळतील. तेव्हा सगळं हळू करायचं होतं. त्याच वेळी माझं सगळं अंग मात्र 'लवकर, लवकर' म्हणत होतं.

व्हॉल्व्हचं चाक लांब दांड्याने बाहेर भिंतीपलीकडे आणलेलं होतं. मी आणि बागेतून परत आलेला चिंतामण रबरी सूट आणि मास्क घालून तिथे उभे राहिलो. सोनवणे पॅनेल रूममध्ये तापमान वाचायला, हातात इंटरकॉम. त्या दोघांना मी सांगितलं होतं, की जायचं असेल तर आत्ता जा, कुणी काही म्हणणार नाही. चिंतामणने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सोनवणे म्हणाला, "मी वाचतो आकडे. या वेळी बघून वाचतो."

चिंतामणने चाक पाव फेरा फिरवलं. आम्ही वाट बघितली.

काही आलं नाही.

"मॅडम, पात्या तोंडात बसल्या असतील," तो मास्कमधून म्हणाला.

हे माझ्या आधी त्याच्या लक्षात आलं होतं. पात्या तळाला पडल्या होत्या आणि बाहेर पडायचं तोंडही तळालाच होतं. जर त्यांनी ते पुरतं बुजवलं असेल, तर आमच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. तिथून उठून गेटपर्यंत चालत जायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, एवढंच उरलं असतं.

"अजून पाव."

त्याने फिरवलं. मग दोन्ही हात दांड्यावर ठेवून, मान खाली घालून तसाच उभा राहिला. मला विचारायची हिंमत होईना.

"येतंय," तो म्हणाला. "पाइप हालतोय."

टाकीच्या पाण्यावर खळबळ दिसली. पाण्यातून पांढरी वाफ उठली. आवाज आला. त्याआधी मला कुठलाही आवाज इतका गोड वाटला नसेल.

मग सोनवणेचे आकडे सुरू झाले. "सत्तावीस." थोड्या वेळाने, "एकोणतीस." "एकतीस, मॅडम." रिअ‍ॅक्टरच्या वर निघणाऱ्या नळीतून तांबूस धुराची बारीक रेघ निघाली. नायट्रेशनवाल्यांना हा रंग माहीत असतो. तो दिसला की समजायचं, आत काहीतरी जागं झालंय. चिंतामणने माझ्याकडे पाहिलं. चाक बंद करायचं, तसंच ठेवायचं की आणखी उघडायचं? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. आत जितकं अ‍ॅसिड कमी, तितका धोका कमी, एवढाच हिशेब मला सुचत होता.

"तसंच राहू दे."

"तेहतीस," इंटरकॉम म्हणाला. मग शांत. "तेहतीस." पुन्हा बराच वेळ काही नाही. "तेहतीसच आहे मॅडम."

धुराची रेघ अजून होती. वारा तिला बागेवर नेत होता. रिकाम्या बागेवर.

"बत्तीस!"

सोनवणे इतक्या जोरात ओरडला, की इंटरकॉमची गरजच नव्हती, भिंतीपलीकडून थेट ऐकू आलं. "बत्तीस, मॅडम! खाली चाललंय!"

त्यानंतर आकडा वर गेला नाही. तीस. सत्तावीस. सगळा माल बाहेर पडायला पाऊण तास लागला. शेवटी रिअ‍ॅक्टर पाण्याने भरून घेतला, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मी मास्क काढला. केस, कपडे, सगळं घामाने चिंब. चिंतामण तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "मॅडम, तंबाखू खाऊ का आता?"

प्लँटमध्ये तंबाखूला सक्त बंदी होती. मी म्हटलं, "खा."

गेटबाहेर गेलो तर सगळी माणसं रस्त्याच्या कडेला उभी. रजिस्टरमध्ये अठ्ठावन्न खुणा झाल्या होत्या आणि आम्ही तिघं मिळून एकसष्ट. हिशेब जुळला तसे कुलथेसाहेब नव्या कोटासकट मैलाच्या दगडावर बसले. कँटीनवाल्याने कुठूनतरी चहा आणला. कप कमी पडले, एकेक कप दोघं-तिघं पीत होते. का कुणास ठाऊक, सगळे हसत सुटले होते. कुणीतरी म्हणालं, चहा गार आहे, मॅडमना बोलवा. त्यावर तर मीसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

एकटे तात्या हसत नव्हते. त्यांचे दीड तास गेले होते आणि ते त्यांनी मला, कुलथेसाहेबांना आणि गुजरातच्या पाहुण्यांना सविस्तर ऐकवलं. बायका मात्र निवांत सावलीत बसल्या होत्या. त्यातली एक चिंतामणला म्हणाली, रोज असं करत जा.

गुजरातच्या पार्टीतले वयस्कर इंजिनिअर माझ्यापाशी आले. हिंदीत विचारलं, "मॅडम, ड्रिल था क्या?"

"नहीं."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी प्लँट न बघताच ते परत गेले.

दोन दिवसांनी रिअ‍ॅक्टर धुऊन, हवा तपासून उघडला. पात्या तळाला आडव्या पडल्या होत्या. बाहेर पडायच्या तोंडाचा निम्मा भाग त्यांनी झाकला होता. चार बोटं पलीकडे सरकल्या असत्या तर तोंड पूर्ण बंद झालं असतं. त्यांना दांड्यावर धरून ठेवणारा बोल्ट अ‍ॅसिडने खाऊन अगदी बारीक झाला होता. दर सहा महिन्यांनी रिअ‍ॅक्टर उघडून तो तपासायचा, असं आमच्याच चेकलिस्टवर लिहिलेलं होतं. मागच्या वेळी ऑर्डरची घाई होती म्हणून तपासणी पुढे ढकलली होती. त्या चेकलिस्टखाली सही माझी होती. ती सही मी कुलथेसाहेबांना दाखवली. तेव्हा सोनवणेही तिथे होता. त्याने लॉगशीट टेबलावर ठेवली.

"सर, अठरा अँपिअर मी न बघता लिहिले. रोजच तसे लिहितो. मीटर पॅनेल रूममध्ये आहे, कोण जाणार म्हणून." मग माझ्याकडे वळून, घाबरला की निघणाऱ्या त्याच्या घरच्या अहिराणीत चूक कबूल करत म्हणाला, "मनी चूक शे, मॅडम."

कुलथेसाहेबांनी तो बोल्ट हातात घेतला. मग विचारलं, "ते मीटर रिअ‍ॅक्टरच्या समोर का नाही?"

कारखाना बांधला तेव्हा ते तिथे बसवलं आणि ते तिथेच राहिलं.

सोनवणेला काढावं असं काही जणांचं म्हणणं होतं. मी नको म्हणाले. ज्या माणसाने आकडा न बघता लिहिण्याची किंमत डोळ्यांनी पाहिली, तो पुन्हा कधी तसं करणार नाही, आणि नव्या माणसाची मला खात्री नव्हती. तो आणखी आठ वर्षं आमच्याकडे होता आणि आकड्यांच्या बाबतीत लोकांना नकोसा होण्याइतका काटेकोर झाला. मीटर रिअ‍ॅक्टरसमोर आलं. करंट ठरावीक आकड्याखाली गेला की अ‍ॅसिड आपोआप बंद होईल, अशी सोय झाली. माळ्याला वेगळा नळ मिळाला. आणि नोटीस बोर्डावर कुलथेसाहेबांच्या सहीने एक कागद लागला, की शंका आली तर कोणताही ऑपरेटर बॅच थांबवू शकतो, त्याला कुणी जाब विचारणार नाही. चिंतामणने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्याला वाचता येत होतं. तरी वाचून घेतला.

गुजरातची ऑर्डर चार महिन्यांनी आली. ठरल्यापेक्षा लहान होती.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नव्या ऑपरेटरना ट्रेनिंग दिलं. पहिल्या दिवशी विचारायचे, तापमान किती झालं की घाबरायचं? सगळे वरचा आकडा सांगायचे. बेचाळीस, पंचेचाळीस, पन्नास. तो बरोबरच असतो. पण वर गेलेलं तापमान सगळ्यांना दिसतं, त्याला अलार्म असतो, सगळे धावतात. तापमान जेव्हा वर असायला हवं आणि नसतं, तेव्हा 'आज बॅच छान शांत आहे' असं म्हणून माणसं चहाला जातात. म्हणून मी फळ्यावर खालचाही एक आकडा लिहायचे आणि सांगायचे, हा पाठ करा. याच्या खाली गेलं, तर स्टीमला हात लावू नका. आधी अ‍ॅसिड बंद करा.